उत्तराची घाई आणि आकलनाचा बळी

आपल्या शाळांतून वाचन शिकवले जाते, असा एक सार्वत्रिक समज आहे. आमचे म्हणणे असे की, आपल्या शाळांतून वाचन केवळ तपासले जाते. धडा मोठ्याने वाचून होतो. शेवटचे वाक्य संपते न संपते तोच प्रश्न येतो, आणि प्रश्न पुरता उच्चारला जाण्यापूर्वीच पहिल्या बाकावरचा हात वर जातो. उत्तर येते, 'बरोबर' असा शेरा मिळतो, पुढचा प्रश्न येतो, घंटा होते. या साऱ्या व्यवहारात विचार करण्याची वेळ कुणावरच येत नाही. कारण विचाराला जी एक गोष्ट लागते ती, म्हणजे सवड, तेथे शिक्षकाजवळही नसते आणि विद्यार्थ्याजवळही नसते. उताऱ्याचे आकलन हा भाषाशिक्षणाचा गाभा. त्या गाभ्यालाच आपण घाईच्या हवाली करून बसलो आहोत. ही घाई निरुपद्रवी नाही. ती अन्यायकारक आहे, आणि बालाघाटसारख्या बहुभाषिक जिल्ह्यात तर ती दुप्पट अन्यायकारक आहे, हे येथे आम्हांला मांडायचे आहे.

आकलनाच्या नावाखाली वर्गात काय चालते, हे पाहायचे असेल तर एक छोटासा प्रयोग वाचकांनी करून पाहावा. पुढील वाक्य वाचा : 'काल सायंकाळी तोंगलाने वेशीबाहेर दोन झुरप्या भिडोळल्या.' आता प्रश्न. झुरप्या कोणी भिडोळल्या? तोंगलाने. किती भिडोळल्या? दोन. कोठे? वेशीबाहेर. केव्हा? काल सायंकाळी. चारही उत्तरे बिनचूक, चारपैकी चार गुण! तोंगल हा माणूस की जनावर, झुरपी खायची की नेसायची, आणि भिडोळणे हे पुण्य की पाप, यांतले काहीही आपल्याला ठाऊक नाही, कारण हे शब्दच आम्ही बनवलेले आहेत. प्रश्नातला शब्द उताऱ्यात हुडकायचा आणि त्याच्या शेजारचा शब्द उचलून उत्तरात ठेवायचा, एवढे कौशल्य पुरे होते. आपल्या परीक्षांतल्या अपठित उताऱ्यांवरचे कितीतरी प्रश्न आजही याच जातीचे असतात. अशा प्रश्नांना सवड लागत नाही हे खरेच. परंतु त्यांना आकलनही लागत नाही. आणि ज्याला आकलन लागत नाही असे काम आता भ्रमणध्वनीतले यंत्रसुद्धा निमिषार्धात करून देते. त्या यंत्राशी शर्यत लावण्यासाठी आपण मुलांना शाळेत पाठवतो काय?

हा दोष केवळ आपल्याच देशाचा आहे असे मात्र नाही. अमेरिकेतील शिक्षणसंशोधक डोलोरेस डर्किन यांनी १९७८-७९ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास या संदर्भात अजूनही आठवण्याजोगा आहे. चौथीच्या वर्गांतील वाचनाच्या तासांचे ४,४६९ मिनिटे निरीक्षण झाले. आकलन कसे करावे हे प्रत्यक्ष शिकवण्यात त्यांपैकी अवघी २० मिनिटे गेलेली आढळली. उरलेल्या वेळात प्रश्न विचारणे, उत्तरे तपासणे आणि स्वाध्याय नेमून देणे ही कामे भरपूर चालली होती. म्हणजे मुलांना समजले की नाही याची विचारपूस पुष्कळ. समजावे कसे, याची वाट दाखवणे जवळजवळ शून्य. आपल्या वर्गांत असे मिनिटामिनिटाचे निरीक्षण केले, तर हिशेब फार वेगळा निघेल असे मानण्यास आम्हांला काही आधार दिसत नाही.

मग खरा प्रश्न कसा असतो? दूर जाण्याचे कारण नाही. काऊ-चिऊची गोष्ट मराठी घरात वाढलेल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. काऊचे घर शेणाचे, चिऊचे मेणाचे. पाऊस येतो, शेणाचे घर वाहून जाते आणि काऊ चिऊच्या दाराशी येतो. 'चिमणीने दार लगेच का उघडले नाही?' या प्रश्नाचे उत्तर गोष्टीतच आहे. ती बाळाच्या उठाठेवीत होती. मूल ते तत्काळ सांगते. परंतु शिक्षकाने पुढे विचारले की, 'ती खरोखरच कामात होती, की तिला दार उघडायचेच नव्हते?' तर वर्ग गप्प होतो. ही शांतता फार मोलाची आहे. या शांततेत मूल गोष्टीकडे परत जाते, चिमणीची एकामागून एक कारणे पुन्हा तपासते, आपल्या शेजारपाजारचे अनुभव आठवते. कुणाला वाटेल, चिमणी धूर्त आहे. कुणाला वाटेल, एकटी बाई आणि लहान बाळ, ती घाबरली असेल. वैनगंगेच्या काठच्या एखाद्या गावातले मूल असेल, तर पुरात कुणाचे घर आधी जाते आणि कुणाचे शाबूत राहते हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. ते कदाचित विचारील की, कावळ्याने शेणाचे घर हौसेने बांधले होते काय? हा प्रश्न ज्या मुलाला पडला, त्याने गोष्ट वाचली. बाकीच्यांनी ती उच्चारली. आणि हा प्रश्न पडायला अर्धे मिनिट लागते, कधी दोन दिवसही लागतात.

वर्गात आपण थांबतो तरी किती? मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात नेमके हेच मोजले. प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतात, अनेकदा तेवढेही नाही, असे त्यांना आढळले. उत्तर आले नाही की प्रश्न दुसऱ्याकडे जातो, नाही तर शिक्षक स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात. हाच अवधी तीन सेकंदांपर्यंत किंवा त्याहून अधिक वाढवला, तेव्हा उत्तरे लांबली, 'माहीत नाही' असे म्हणणारे कमी झाले, मुले आपल्या म्हणण्याला कारणे देऊ लागली, स्वतः प्रश्न विचारू लागली, आणि ज्यांना 'मंद' समजले जात होते तीही बोलू लागली. केवळ प्रश्नानंतर थांबून भागत नाही, मुलाने उत्तर दिल्यावरही क्षणभर थांबावे, म्हणजे ते आपल्या उत्तरात भर घालते, असेही त्यांनी दाखवून दिले. त्यांच्या निरीक्षणातली एक गोष्ट आम्हांला सर्वांत बोचते. हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांसाठी शिक्षक अधिक वेळ थांबत होते आणि मागे पडलेल्यांसाठी कमी. ज्याला सवडीची गरज अधिक, त्याच्याच वाट्याला ती कमी. वर्गातली विषमता अशी सेकंदासेकंदाने वाटली जाते.

आता हे सारे बालाघाटच्या भूमीवर आणून पाहू. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला. रेषा नकाशावर ओढली गेली. घरांतून ती ओढता आली नाही. लांजी, किरनापूर, वारासिवनी, कटंगी या भागांत मराठी आणि पोवारी बोलणारी घरे आहेत. बैहरच्या पठारावर गोंड आणि बैगा समाजांच्या आपापल्या बोली आहेत. शाळेचे माध्यम मात्र बहुतेक ठिकाणी हिंदी. म्हणजे मूल प्रश्न एका भाषेत ऐकते, त्याचा अर्थ दुसरीत लावते, उत्तर त्याच दुसऱ्या भाषेत सुचते आणि ते पुन्हा पहिलीत आणून बोलावे लागते. ही चार पायऱ्यांची चढउतार एका सेकंदात करून दाखव, असे आपण सहा-सात वर्षांच्या लेकराला सांगतो. आणि ते गप्प राहिले की, त्याच्या नावापुढे 'कच्चा' असे मनोमन लिहून टाकतो.

मराठी घरातल्या मुलाची अडचण तर आणखी नाजूक आहे. कारण दोन्ही भाषांची लिपी एक आणि पुष्कळसे शब्दही एक, अर्थ मात्र निराळे. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण. मराठीत शिक्षा म्हणजे दंड. हिंदीत 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, आपल्याकडे थट्टा. 'संसार' तिकडे सारे जग, इकडे घरप्रपंच. 'यात्रा' तिकडे प्रवास, इकडे जत्रा. 'खाली' तिकडे रिकामे, इकडे तळाशी. 'उसने उठने की चेष्टा की' हे वाक्य हिंदी घरातले मूल सहज ओलांडून जाते. मराठी घरातले मूल तेथे अडखळते. उठण्याची थट्टा कशी करतात, हे त्याला कळेना. हे अडखळणे म्हणजे अज्ञान नव्हे. वाक्याचा अर्थ लागत नाही हे ज्याच्या ध्यानी आले, तोच अर्थ शोधू लागतो. खरे वाचन नेमके तेथे सुरू होते. त्या क्षणी शिक्षक थांबला आणि 'काय खटकले?' असे त्याने विचारले, तर मुलाला दोन भाषांची समज एकदम येईल. हिंदी घरातल्या शेजाऱ्यालाही नवे काही कळेल. न थांबता वर्ग पुढे गेला, तर मूल एकच धडा शिकते : न कळलेले गिळून टाकावे आणि शेजारचा शब्द उचलून उत्तरात ठेवावा.

हे सांगितले की काही आक्षेप हमखास घेतले जातात. पहिला असा की, मुलांना साधे अक्षरवाचन येत नाही, तेथे सखोल विचाराच्या गोष्टी कशाला? 'असर'च्या २०२४च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील पाचवीच्या निम्म्याहून कमी मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो, हे आम्हांला ठाऊक आहे. ओघवते वाचन यायलाच हवे; अक्षरे जुळवण्यातच सारी शक्ती खर्च झाली तर अर्थासाठी मन उरत नाही, हेही आम्हांला मान्य आहे. परंतु ओघ हे साधन आहे. केंद्र शासनाने ५ जुलै २०२१ रोजी सुरू केलेल्या 'निपुण भारत' योजनेत तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचावेत, असे उद्दिष्ट ठेवले आहे. त्यातला 'अर्थासह' हा शब्द महत्त्वाचा. अडचण अशी की, साठ शब्द घड्याळावर मोजता येतात आणि अर्थ मोजता येत नाही. आणि सरकारी व्यवहारात जे मोजता येते तेच शेवटी शिल्लक राहते. शिवाय विचारासाठी मूल सराईत वाचक होईपर्यंत थांबण्याचे काहीच कारण नाही. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही गोष्ट ऐकता येते, आणि ऐकलेल्या गोष्टीवर विचार करता येतो. अक्षर आणि विचार हे एकाच बैलगाडीचे दोन बैल आहेत; एक दमला म्हणून दुसऱ्याला गोठ्यात बांधून ठेवत नाहीत.

दुसरा आक्षेप स्पर्धापरीक्षांचा. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेत २०२५ पासून १८० मिनिटांत १८० प्रश्न सोडवावे लागतात. मग मुलांना वेगाची सवय नको काय? जरूर हवी. परंतु गाणे शिकणाऱ्याला कुणी पहिल्याच दिवशी द्रुत लयीत ताना घ्यायला लावत नाही. विलंबितात सूर पक्का होतो, रागाचे चलन अंगी मुरते, मग द्रुत आपोआप साधते. विलंबित टाळून जो द्रुतात शिरतो तो बेसूर होतो, आणि बेसूर गाणे वेगाने गायल्याने सुरेल होत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे. अभ्यासक्रम संपवायचा असतो, एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असतात, त्यातच मतदारयाद्या आणि सर्वेक्षणे. शिवाय २०१९च्या कायदादुरुस्तीनंतर मध्य प्रदेशात पाचवी-आठवीच्या परीक्षाही पुन्हा मंडळाच्या धर्तीवर होऊ लागल्या आहेत. वेळ आणायचा कोठून? शिक्षकांची ही ओढाताण आम्ही नाकारत नाही. या घाईचे ते जनक नाहीत, बव्हंशी तेही तिचे बळीच आहेत. तरीही हिशेब करून पाहू. चाळीस मिनिटांच्या तासात दहा प्रश्न विचारले आणि प्रत्येक प्रश्नानंतर तीन सेकंद अधिक थांबले, तर अर्धे मिनिट जाते. उत्तरानंतरही तीन सेकंद थांबले, तर एक मिनिट. अभ्यासक्रम बुडतो तो या एका मिनिटामुळे खचित नव्हे. अडचण सेकंदांची नसून धीराची आहे. वर्गातली शांतता आपल्याला सोसत नाही. तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यास ती काम बंद असल्याची खूण वाटते, आणि शिक्षकास आपल्या अपयशाची.

आणि अभ्यासक्रमच अवजड असेल, तर तो कमी करावा. हे आम्ही आज नव्याने सांगत नाही. दप्तराच्या ओझ्याचा प्रश्न आर. के. नारायण यांनी राज्यसभेत मांडला. पुढे प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९३ मध्ये अहवाल दिला. दप्तराच्या वजनापेक्षा न समजण्याचे ओझे अधिक घातक आहे, हे त्या अहवालाचे सार होते. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही आशय कमी करून विचाराला जागा करून देण्याची भाषा केली आहे. भाषा सर्वांनीच केली. धडे मात्र तेवढेच राहिले. मध्य प्रदेशापुरते बोलायचे, तर मुलांना सवड देण्याचा एक मोठा प्रयोग याच राज्यात होऊन गेला. १९७२ मध्ये होशंगाबाद, म्हणजे आजच्या नर्मदापुरम, जिल्ह्यात सुरू झालेल्या विज्ञानशिक्षण कार्यक्रमात मुले स्वतः प्रयोग करीत, निरीक्षणांवर आपसांत चर्चा करीत आणि परीक्षेस पुस्तक व वही उघडी ठेवून बसत. उत्तर पाठ आहे की नाही, यापेक्षा विचार करता येतो की नाही, हे तेथे पाहिले जाई. तीस वर्षे चाललेला हा कार्यक्रम २००२ मध्ये शासनाने बंद केला. तो विषय विज्ञानाचा होता, भाषेचा नव्हे. पण सरकारी शाळेतल्या सामान्य मुलांना सवड दिली तर ती तिचे सोने करतात, याची साक्ष म्हणून तो आम्हांला मोलाचा वाटतो.

प्रश्नपत्रिका बदलली की सारे साधेल, असेही कुणी मानू नये. नदीपलीकडे महाराष्ट्रात दहावीच्या भाषाविषयांत प्रश्नपत्रिकेऐवजी कृतिपत्रिका आली आणि उताऱ्यावर 'स्वमत' मागितले जाऊ लागले. हेतू उत्तम होता. परंतु विचार करण्याची सवड न देता नुसते मत मागितले, तर बाजार ते पुरवतो. आज स्वमताची तयार उत्तरे मार्गदर्शक पुस्तकांत छापून मिळतात आणि गोंदियाचे मूलही ती पाठ करते. दुसऱ्याचे मत पाठ करून ते स्वमत म्हणून लिहायचे, या प्रकाराला शिक्षण म्हणावे की आणखी काही, हे ज्याने त्याने ठरवावे.

वस्तुतः सवडीने वाचणे ही आपल्याला परक्यांकडून उसनी घ्यावी लागणारी गोष्टच नाही. श्रवणानंतर मनन आणि मननानंतर निदिध्यासन, हा क्रम आपल्या परंपरेने फार पूर्वीच घालून दिला. सातशे श्लोकांच्या गीतेपाशी ज्ञानेश्वर थांबले, म्हणून सुमारे नऊ हजार ओव्यांची ज्ञानेश्वरी झाली. कीर्तनकार चार-पाच चरणांचा एक अभंग घेतो आणि त्यावर दोन तास उभा राहतो. निरक्षर श्रोतासुद्धा त्या अभंगाचा अर्थ उकलत घरी जातो. आपल्याकडे पारायणही आहे आणि चिंतनही आहे. शाळेने त्यांपैकी केवळ पारायण उचलले, आणि तेही श्रद्धेवाचून.

तेव्हा आमच्या मागण्या थोड्या आणि करण्याजोग्या आहेत. आठवड्यातून भाषेचा एक तास असा असावा की, ज्यात एकच उतारा आणि दोनच प्रश्न असतील. त्यांपैकी एकाचे उत्तर उताऱ्याच्या ओळींत सापडणारे नसावे. मुलांनी आधी उतारा मनाशी पुन्हा वाचावा, दोन मिनिटे वहीत काही टिपावे, शेजाऱ्याशी बोलावे आणि मगच हात वर करावा. पहिले उत्तर ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत, मराठीत, पोवारीत, गोंडीत, देण्याची मुभा असावी. ते हिंदीत आणण्याचे काम सर्व वर्गाने मिळून करावे. परीक्षेतल्या उताऱ्यावर प्रश्न कमी असावेत, आणि उत्तराइतकेच गुण त्या उत्तराच्या कारणाला असावेत. शाळा पाहण्यास येणाऱ्या अधिकाऱ्यांनी किती धडे झाले हे विचारण्यापूर्वी, मुलांनी स्वतः कोणते प्रश्न विचारले, ते विचारावे. यांपैकी शेवटच्या दोन गोष्टींना वरून आदेश लागेल. पहिल्या तीनांना शिक्षकाच्या निश्चयाखेरीज काहीही लागत नाही.

साहित्यसंस्थेच्या पत्रिकेने हा विषय का घ्यावा, असेही कुणी विचारील. वाचक उरले नाहीत, ग्रंथालये ओस पडली, नवी पिढी पुस्तकाला हात लावत नाही, अशी हळहळ साहित्याच्या सभांतून नित्य ऐकू येते. ज्या मुलाने दहा वर्षे प्रत्येक गोष्ट 'उत्तरे कोठे आहेत' एवढ्याच नजरेने चाळली, त्याने परीक्षा संपल्यावर गोष्ट कशासाठी वाचावी? कवितेत तर उत्तर नसतेच. कवितेपाशी थांबावे लागते, आणि थांबणे हे त्याला कधी कुणी शिकवलेले नसते. वाचक कमी झाले म्हणून रडण्यापेक्षा, ते जेथे घडतात त्या वर्गात आपण जावे. आपल्या वाचकांत शिक्षक पुष्कळ आहेत, निवृत्त शिक्षक त्याहून अधिक. जूनमध्ये उन्हाळ्याची सुटी संपून शाळा पुन्हा भरतील. जवळच्या एका शाळेत एका तासासाठी जा, एक गोष्ट सांगा, एक खरा प्रश्न विचारा, आणि मग कृपा करून काही वेळ काहीच बोलू नका. प्रारंभी कुजबुज होईल, कुणी हसेल, कुणी तुमच्या चेहऱ्यावर उत्तर शोधील. तरीही थांबा. मागच्या बाकावरचे, आजवर न बोललेले एखादे मूल बोलण्यासाठी शब्द जुळवत असेल; त्याच्या आधी बोलण्याचा अधिकार आपल्यापैकी कुणालाही नाही.